कवटीच्या बियांत दडलेले गुपित
कुष्ठरोगावर रानातील तेलाचा उपचार करणारे डॉ. भाऊ दाजी लाड

साधारण १८६० च्या दशकातील गोष्ट. अक्कलकोट हे तेव्हा एक छोटे संस्थान होते. या मुलखातील एखाद्याच्या अंगावर बधिर चट्टे उमटले, बोटे आखडू लागली आणि गावाने त्याला रक्तपिती झाल्याचे ओळखले, की त्याच्यापुढे फारशा वाटा उरत नसत. गावच्या वैद्याची पुडी घ्यावी किंवा एखाद्या तीर्थाची वाट धरावी, एवढेच त्याच्या हाती असे. अक्कलकोटात १८५७ च्या सुमारासपासून १८७८ पर्यंत श्री स्वामी समर्थांचे वास्तव्य होते, आणि व्याधीने गांजलेली माणसे दूरदूरच्या गावांहून त्यांच्या पायाशी येत. सरकारी दवाखाना गाठला तरी तेथील डॉक्टरांजवळ या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. घर, शेत, नातीगोती सोडून वेशीबाहेर राहणे हेच बहुतेकांच्या नशिबी येई.

याच काळात मुंबईत एक मराठी डॉक्टर या रोग्यांवर एका रानझाडाच्या बियांचे तेल वापरून पाहत होता. त्याने औषधाचा गाजावाजा केला नाही. पण त्याचे नावही कोणाला सांगितले नाही, आणि ही गोष्ट पुढे फार महाग पडली. हा डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड.

मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे ते भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयामुळे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते शिलालेख वाचणारे पंडित म्हणून माहीत आहे. कुष्ठरोगाचे त्यांचे काम मात्र या दोन्ही कीर्तींच्या सावलीत झाकले गेले.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ मध्ये, तेव्हाच्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, पेडणे भागातील मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा बुद्धिबळात विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला आणि कुटुंब मुंबईस आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण पुरे करून भाऊ तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. तरुण वयातच त्यांचे नाव मुंबईच्या सुशिक्षित वर्तुळात पोहोचले ते या निबंधामुळे.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शवविच्छेदन करावे लागणार, या भीतीने अनेक घरांतून विरोध होत असताना भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडून या महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. त्यांनी खासगी व्यवसाय सुरू केला आणि अल्पावधीतच शहरातील नामांकित डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला.

एवढ्या व्यवसायात माणसाला इतर उद्योगांस वेळ कसा मिळतो, हा प्रश्न भाऊंचे चरित्र वाचताना वारंवार पडतो. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कामात ते पुढे होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी ते एक. विष्णुदास भावे यांची नाटक मंडळी १८५३ मध्ये मुंबईत आली, तेव्हा तिला आधार देणाऱ्यांत भाऊ होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी खटपट केली. वस्तुसंग्रहालयासाठी जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी निधी गोळा केला. जुनी नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते यांचा मोठा संग्रह केला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी हाताशी घेतले आणि त्यांना ठिकठिकाणी पाठवून लेण्यांतील शिलालेखांच्या नकला आणविल्या. कालिदास, आर्यभट, हेमचंद्र यांच्या काळाविषयी त्यांनी लिहिलेले लेख युरोपातील विद्वानांनीही विचारात घेतले.

या संस्कृत व्यासंगातूनच ते जुन्या वैद्यकाकडे वळले. इंग्रजी पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या त्या पिढीतील बहुतेक डॉक्टर आयुर्वेदाकडे तुच्छतेने पाहत, तर वैद्य मंडळी ग्रंथातील प्रत्येक ओळ प्रमाण मानीत. भाऊंनी तिसरा मार्ग धरला. ग्रंथांत ज्या वनस्पतींना अद्भुत गुण चिकटविलेले आहेत, त्या प्रत्यक्ष रोग्यावर वापरून पाहायच्या आणि गुण येतो की नाही हे स्वतः तपासायचे, असा त्यांचा परिपाठ होता. आज यात विशेष काही वाटणार नाही. त्या काळी मात्र असे करणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यालगत ते वाढते, पावसाळ्याच्या सुमारास त्याची फळे गोळा करावीत, बियांतील गर वाळवून तिळाप्रमाणे तेल काढावे, ते आटवून काही दिवस मुरवावे आणि कुष्ठाच्या रोग्याला पोटात द्यावे, तसेच अंगाला लावावे, असा विधी तेथे दिला आहे. पथ्यही कडक सांगितले आहे. हे झाड म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकण, गोवा ते केरळपर्यंतच्या सदाहरित रानांत ओढ्याकाठी आढळणारी कवटी किंवा कडू कवठ होय, असे आता सामान्यतः मानले जाते. वनस्पतिशास्त्रात त्याला हिड्नोकार्पस वाइटियाना म्हणतात. फळ गोल, लाकडासारख्या टणक कवचाचे, आत तेलकट बिया. फळ पाण्यात टाकले की मासे गुंगतात. या जातीच्या एका जुन्या शास्त्रीय नावाचा अर्थच मद आणणारे असा होतो. कोकणपट्टीत या बियांचे तेल खरूज आणि चिघळलेल्या जखमांवर लावण्याचा घरगुती प्रघात होता.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्यात, अशाच एका तेलाचा बोलबाला सुरू झाला होता. १८५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी चालमुग्रा नावाच्या देशी औषधाकडे इंग्रज डॉक्टरांचे लक्ष वेधले. १८६८ च्या सरकारी भारतीय औषधकोशातही त्याला स्थान मिळाले. पण येथे एक घोटाळा झाला. चालमुग्राचे बी म्हणून ज्या झाडाचे नाव ग्रंथांत नोंदले गेले, ते जायनोकार्डिया ओडोराटा हे वेगळेच झाड होते आणि त्याच्या तेलात कुष्ठरोगावरील गुणच नव्हता. खरे चालमुग्रा ब्रह्मदेश आणि चितगावच्या रानांतील, कवटीच्याच कुळातील झाडाचे असते, हे निश्चित व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. तोपर्यंत एकाला गुण येई आणि दुसऱ्याला येत नसे. मग औषधालाच दोष दिला जाई. वनौषधीच्या बाबतीत झाडाची नेमकी ओळख किती मोलाची असते, ते यावरून कळते.

भाऊंच्या हाती मात्र खरे झाड होते. त्यांनी कवटीचे तेल कुष्ठरुग्णांना पोटात आणि बाहेरून दिले, पथ्य सांभाळायला लावले आणि दीर्घकाळ निरीक्षण केले. रुग्णांना लक्षणीय उतार पडल्याची वार्ता शहरभर झाली. सरकारी वैद्यकीय वर्तुळातही तिची चर्चा होऊ लागली. त्या वेळी या रोगाविषयीचे ज्ञान किती तोकडे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये साम्राज्यभरातून माहिती गोळा करून दिलेल्या अहवालात हा रोग संसर्गजन्य नाही असाच निष्कर्ष काढला होता. नॉर्वेतील हान्सेन यांना रोगजंतू दिसला तो १८७३ मध्ये, म्हणजे भाऊंच्या निधनाच्या आदल्या वर्षी. रोग कशाने होतो हे ठाऊक नसताना त्यावर औषध शोधण्याचा हा खटाटोप होता.

गाजलेल्या महाराज लायबल खटल्याची हकीकत येथे आठवते. पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर यदुनाथजी महाराज यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८६२ मध्ये तो न्यायालयात चालला. तेव्हा महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार केल्याची साक्ष भाऊंनी न्यायालयात दिली. धनाढ्य आणि प्रभावी समाजाचा रोष ओढवेल हे दिसत असूनही त्यांनी ती दिली, आणि करसनदासांच्या बाजूने निकाल लागण्यात तिचा वाटा होता. रुग्णाचे गुपित शपथेवर सांगण्यास न कचरणारा हाच डॉक्टर आपल्या औषधाचे गुपित मात्र वर्षानुवर्षे सांभाळून होता, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

भाऊंनी नाव का लपविले? पुरेशा रुग्णांवर पडताळा होईपर्यंत ते जाहीर करायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेत तथ्य नव्हते असे नाही. अर्धवट प्रयोगाच्या जोरावर औषध बाजारात आले की भोंदूंचे फावते आणि चार रुग्णांना अपाय झाला की चांगले औषधही बदनाम होते. शिवाय एका हिंदी डॉक्टरच्या शोधाकडे साहेबी वैद्यक कसे पाहील, ही धास्तीही त्यांना वाटली असल्यास नवल नाही. पण टीकाकारांचे म्हणणेही खोटे नव्हते. औषधाचे नाव आणि मात्रा ठाऊक नसतील तर दुसऱ्या कोणाला ते तपासता येत नाही, आणि जे दुसऱ्याला तपासता येत नाही ते शास्त्र ठरत नाही. गुप्त औषधे विकणाऱ्यांच्या पंक्तीत आपण बसत आहोत, हे भाऊंसारख्या चिकित्सक माणसाच्या लक्षात आले नसेल असे म्हणवत नाही. त्यांना बहुधा वाटत होते की अजून वेळ आहे.

वेळ नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यातून शेअरबाजाराचे वेड शहरात पसरले आणि १८६५ मध्ये सारा डोलारा कोसळला. भल्याभल्यांप्रमाणे भाऊंचीही मिळकत त्यात बुडाली. मानसन्मान मात्र कमी झाला नाही. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा त्यांना मुंबईच्या शेरीफपदी नेमण्यात आले. ज्या संग्रहालयासाठी त्यांनी निधी जमविला, ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये भाऊंचे निधन झाले. वय अवघे ५२ वर्षे.

त्यांचे औषध कवटीचे तेल होते, हे त्यांच्या पश्चात उघड झाले. मुंबईतील औषधी वनस्पतींचे जाणकार विल्यम डायमॉक यांच्या ग्रंथांतून कवटीच्या तेलाची माहिती पुढील पिढीला मिळाली. पण रुग्ण किती होते, मात्रा किती, उतार किती काळ टिकला, याचा भाऊंनी प्रसिद्ध केलेला वृत्तान्त नव्हता. त्यांच्या लेखांचा संग्रह पुढे कलकत्त्याहून निघाला. तो त्यांच्या प्राच्यविद्येच्या लेखनाचा. योगायोग असा, की भाऊ गेले त्याच सुमारास अंदमानातील डॉ. डुगल यांनी गुर्जन नावाच्या दुसऱ्या एका झाडाचे तेल कुष्ठरोगावर वापरल्याचे जाहीर केले. सरकारने त्याचा ठिकठिकाणी पडताळा घेण्याचे फर्मान काढले. ते तेल अखेरीस निरुपयोगी ठरले. पण त्याची परीक्षा झाली, कारण त्याचे नाव सर्वांना माहीत होते. कवटीच्या वाट्याला अशी परीक्षा तेव्हा आली नाही.

ती आली तीस-पस्तीस वर्षांनी आणि तीही लंडनमार्गे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेडरिक पॉवर यांनी चालमुग्रा आणि कवटीच्या तेलातून विशिष्ट आम्ले वेगळी केली. त्यांच्या रेणूत कार्बनच्या पाच अणूंचे कडे असते, आणि अशी रचना खाद्यतेलांत सापडत नाही. खऱ्या चालमुग्राची आणि नावापुरत्या चालमुग्राची परीक्षा आता रसायनशाळेत करता येऊ लागली. अडचण होती ती तेल पचविण्याची. त्याची चव किळसवाणी, घोटभर घेतले की उलटी होई. टोचून द्यावे तर ते दाट असल्याने कातडीखाली गाठी होत. हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५-१६ च्या सुमारास या आम्लांचे सुईने देता येईल असे रूप तयार केले. ती १९१६ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली. आपला शोध स्वतः प्रसिद्ध करणे तिच्याही नशिबी नव्हते. कित्येक वर्षे त्याचे श्रेय तिच्या वरिष्ठांच्या नावे जमा राहिले.

भारतात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी कलकत्त्यात या तेलाच्या सुया रूढ केल्या. १९२० नंतरची पंचवीस वर्षे देशभरच्या कुष्ठधामांत हेच मुख्य औषध होते. प्राथमिक अवस्थेतील काही रुग्णांना त्याने फायदा होई, अनेकांना होत नसे, पुन्हा उलटणारेही बरेच असत. आठवड्यामागून आठवडे दुखऱ्या सुया घ्याव्या लागत. तरीही दुसरे काही नसताना तेवढ्या आशेवर हजारो माणसे उपचाराला टिकून राहिली.

१९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेलाचे युग संपले. डॅप्सोनची गोळी स्वस्त, पोटात घेण्याजोगी आणि खात्रीची होती. वनस्पतीच्या तेलाकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारणच उरले नाही, असे तेव्हा वाटले. पण एकच औषध वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर दिले गेले, आणि जंतूंनी त्याला दाद देणे सोडले. डॅप्सोनला न जुमानणारे कुष्ठजंतू १९६४ मध्ये मलेशियात सिद्ध झाले. पुढे रिफाम्पिसिनलाही दाद न देणारे जंतू आढळले. यातून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन या तिन्ही औषधांचा एकत्रित उपचार सुचविला. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हे त्यामागचे साधे गणित. या तिघांतील क्लोफाझिमिनची कुळकथा मोठी रंजक आहे. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी दगडफुलाच्या जातीतील एका वनस्पतीतून मिळणाऱ्या द्रव्यावर क्षयरोगासाठी काम करीत होते. त्या धाग्याने जात १९५४ मध्ये त्यांना हे लाल रंगाचे औषध गवसले. क्षयावर ते फारसे चालले नाही, कुष्ठरोगावर चालले. म्हणजे गोळीच्या पाकिटातही कोठेतरी रानाचा वास आहेच.

या उपचाराला आज सहा ते बारा महिने लागतात आणि तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. लवकर सुरू केला तर बोटे झडण्याची वेळ येत नाही. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसताच कवटीचे किंवा आणखी कशाचे तेल चोळीत बसणे हा भाऊंचा वारसा चालविणे नव्हे. तेल लावून चट्टा मऊ पडतो, पण आत मज्जातंतूंत दडलेला जंतू जागीच राहतो. त्वचेच्या इतर चिवट संसर्गांवर देशी वनस्पतींचे अर्क तपासण्याचे काम देशभरच्या प्रयोगशाळांत चालू असते. तेथेही झाड कोणते, अर्क कशात काढला, मात्रा किती आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल येतो का, हेच प्रश्न विचारले जातात. काचेच्या बशीत जंतू मारणारे अर्क पुष्कळ सापडतात. माणसाच्या अंगावर तेच काम, अपाय न करता, करणारे फार थोडे निघतात.

कुष्ठजंतू तर काचेच्या बशीत वाढतच नाही. १९६० मध्ये उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढविण्याची रीत सापडली आणि त्यानंतरच कोणते औषध त्याला खरोखर रोखते, हे प्राण्यावर पाहणे शक्य झाले. मुंबईत माटुंग्याला भाऊ दाजी मार्ग आहे. तेथून थोड्या अंतरावर वडाळ्याला १८९० मध्ये स्थापन झालेले ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. राणीच्या बागेतील संग्रहालयाला पूर्वी राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या पतीचे नाव होते. १९७५ मध्ये ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. चालमुग्रा-कवटीच्या तेलातील आम्ले उंदरांत कुष्ठजंतूच्या वाढीला आळा घालतात, असा त्याचा निष्कर्ष होता.